घरच्या वस्तऱ्याला कोणता नैसर्गिक दगड घ्यावा?

विट्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. आजोबांचा जर्मन बनावटीचा उघडा वस्तरा त्याला मिळाला, जाणकाराकडून एकदा धार लावून घेतली आणि आता तो रोज त्यानेच दाढी करतो. ही धार पुढे टिकवायला एकच नैसर्गिक दगड घ्यायचा, तर बेल्जियमचा कोटिक्यूल, अमेरिकेतला आर्कन्सा, जपानी की जर्मनीतला थुरिंजियन? आणि कृष्णेच्या पात्रातला एखादा गुळगुळीत दगड चालणार नाही का?

मी सांगलीत वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या आणि दवाखान्यांतली हत्यारं यांना धार लावतो. उत्तर आधी देऊन टाकतो. एकच दगड घ्यायचा असेल तर कोटिक्यूल घ्या. आकाराने लहान, वेडावाकडा कापलेला असला तरी चालेल, पण हातात धरून पारखलेला किंवा परत करण्याच्या बोलीवर घेतलेला हवा. ते जमत नसेल तर चांगला घट्ट, उजेड आरपार जाणारा आर्कन्सा. जपानी दगड सध्या नको. थुरिंजियन आपणहून चालून आला तर सोडू नका, पण शोधत फिरू नका. कृष्णेतला दगड कृष्णेतच राहू द्या.

आता कारणं. धार लावणं आणि धार राखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दगड निवडताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. बोथट झालेल्या, खांडे पडलेल्या वस्तऱ्याला आधी दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींना नीट भिडवाव्या लागतात. हे काम १००० नंबरच्या कृत्रिम दगडावर होतं, मग ३००० ते ५०००, मग ८०००; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. या टप्प्यांना नैसर्गिक दगड लागतच नाही; कृत्रिम दगड स्वस्त पडतो, भराभर कापतो आणि प्रत्येक नग सारखा निघतो. नैसर्गिक दगडाची जागा त्यानंतरची, शेवटच्या हाताची. तुमच्या वस्तऱ्याच्या कडा भिडलेल्या आहेत. तुम्हाला फक्त दर काही आठवड्यांनी मंदावलेली धार परत वर आणायची आहे. म्हणजे तुमचा दगड बारीक हवा, पातं ओरबाडणारा नको, आणि नवख्या हाताला सांभाळून घेणारा हवा.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलादाची धार जाते कशी, असं पुष्कळ लोक विचारतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असतं, तरी केस तिरका वाकून धारेच्या कडेवर एखाद्या कमकुवत जागी दाबला गेला की तिथून सूक्ष्म टवका उडतो. धार नुसती झिजून गोल होत नाही, ती बारीक बारीक तुटतेही. त्यात साबणाचं पाणी आणि हवेतला ओलावा यांनी होणारा गंज आला. चामड्याचा पट्टा वाकलेली कड सरळ करतो, कडेवरचा गंज पुसतो, पण टवका भरून काढू शकत नाही. टवक्याच्या मागचं चांगलं पोलाद उघडं करायला दगडच लागतो.

म्हणून आधी पाहा, की दगडाची वेळ खरंच आली आहे का. रोज दाढीआधी पट्ट्यावर कापडाच्या बाजूने २०-२५ आणि चामड्याच्या बाजूने ४०-५० फेरे मारल्यावरही वस्तरा हनुवटीखाली ओढत असेल, तर आली. महिन्या-दीड महिन्याने अशी वेळ येणं साहजिक आहे. पंधरवड्यातच येत असेल तर पट्टा मारताना चूक होते आहे. बहुधा पातं उलटवताना ते पाठीवर न लोळवता धारेवरून फिरवलं जातं, किंवा पट्टा सैल धरल्याने धार गोल होते. अशा वेळी जगातला कुठलाही दगड आणला तरी उपयोग नाही.

आता आपल्याकडच्या दगडांचं. सातारा-सांगलीचा डोंगर म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. त्याचा पाटा होतो, जातं होतं, कोयत्या-विळ्याला घासायलाही तो चालतो. पण त्याची घडण वस्तऱ्याच्या कामाची नाही. फेल्डस्पार आणि पायरॉक्झिन यांचे स्फटिक एकमेकांत अडकून बसलेले असतात, ते सारख्या आकाराचे नसतात, आणि मधे वायूच्या पोकळ्या राहिलेल्या असतात. वरून नदीने कितीही गुळगुळीत केलेला असला तरी आतली वीण तीच. कराडच्या प्रीतिसंगमावर मिळणाऱ्या गारगोट्या बारीक कणांच्या आणि कठीण असतात खऱ्या, पण गोलसर गोटा सपाट करणं घरच्या साधनांनी होत नाही. कास-पाचगणीचा जांभा तर सच्छिद्र. वस्तऱ्याला हवा असतो समुद्राच्या किंवा खोल पाण्याच्या तळाशी थरावर थर बसून, दाबाखाली घट्ट झालेला, सारख्या कणांचा दगड. आपल्या भागाचा भूगोलच वेगळा, त्याला इलाज नाही.

काहींनी जुन्या दगडी पाटीवर वस्तरा फिरवून पाहिला आहे. पाटीचा दगड आंध्रातल्या मार्कापूरसारख्या ठिकाणचा, म्हणजे खरा स्लेट, आणि थुरिंजियनही स्लेटच्याच कुळातला, त्यामुळे कल्पना अगदीच चुकीची म्हणता येत नाही. पण पाटी निवडली जायची ती पातळ थर सुटण्यासाठी, धारेसाठी नव्हे. तिच्यात मधूनच एखादा टणक कण लागतो आणि धारेवर आडवी रेघ ओढून जातो. मी तरी चांगल्या वस्तऱ्याला ती लावणार नाही.

तुमच्या विट्यात मात्र एक दगड मिळण्यासारखा आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत आणि सोनं म्हटलं की कसोटी आली. खरी कसोटी म्हणजे अतिशय बारीक कणांचा, सिलिकायुक्त काळा दगड. आर्कन्साचा काळा दगड त्याच्या जवळचा. कुणाच्या घरी जुनी, मोठी, सपाट कसोटी पडून असेल तर ती स्वच्छ धुऊन, तेल-मेण काढून, वस्तऱ्याचे शेवटचे फेरे मारून पाहायला हरकत नाही. ती कापते अगदी कमी, नुसतं चकाकवते. म्हणून एकमेव दगड म्हणून तिच्यावर विसंबू नका. शिवाय गलाईवाल्यांकडे दहा पटीचं भिंगही असतं. ते तुम्हाला दगडापेक्षा आधी लागणार आहे.

खरेदीकडे वळण्याआधी नंबराबद्दल बोलतो, कारण तिथे पैसे फुकट जातात. कृत्रिम दगडावर ८००० लिहिलेलं असतं तेव्हा त्याला अर्थ असतो, आतली पूड चाळून ठरावीक आकाराची घेतलेली असते. नैसर्गिक दगडाला असा नंबर नसतो. चीनच्या ग्वांग्शी प्रांतातून येणाऱ्या करड्या दगडाच्या खोक्यावर १२००० छापतात, तो विकणाऱ्याचा अंदाज. एकाच खाणीतले दोन तुकडे वेगळे वागतात. कण केवढे, त्यांचा आकार कसा, त्यांना धरून ठेवणारी माती किती घट्ट, त्यावर पाणी घेतलं की तेल, तुमच्या हाताचा दाब किती, या सगळ्यांतून धार ठरते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याला घोडीचं माप विचारून काही कळत नाही, तो घासतो, तार छेडून ऐकतो आणि पुन्हा घासतो. दगडाचं तसंच आहे. (मिरजेतले वाद्य बनवणारे मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. हाताची ती जाण एका कामातून दुसऱ्या कामात गेली.) म्हणून खाणीचं नाव, थराचं नाव, शिक्का यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तुकडा पाहा.

कोटिक्यूल बेल्जियमच्या आर्डेन भागातला, व्हिएल्साल्म आणि लिएर्न्यो या गावांच्या आसपासचा. फिकट पिवळा, सायीच्या रंगाचा दगड, सुमारे ४८ कोटी वर्षं जुना. त्यात स्पेसार्टिन जातीच्या गार्नेटचे सूक्ष्म खडे असतात, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दगडाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग तेच व्यापतात. बाकी बहुतेक अभ्रकासारखं मऊ द्रव्य. हे गार्नेट बारा बाजूंचे, जवळजवळ गोटीसारखे असतात. त्यामुळे खडा आकाराने मोठा असूनही त्याचा ओरखडा उथळ पडतो. इतर कुठल्याही दगडात हा योग असा जुळलेला नाही, आणि म्हणूनच हा दगड कापतोही बऱ्यापैकी आणि धारही मऊ देतो. पिवळा थर पातळ असतो, ठिसूळ असतो, म्हणून त्याला खाली काळ्या स्लेटची पट्टी चिकटवलेली असते. काही दगडांत त्याच खाणीतला निळसर-जांभळा दगड निसर्गतःच जोडलेला असतो. निळ्यात गार्नेट कमी असतात. तो शेवटच्या हाताला माझ्या मते पुरत नाही, स्वस्त आहे म्हणून तेवढाच घेऊ नका.

कोटिक्यूल नवख्याला सांभाळून घेतो, त्याचं कारण त्याचा वेग तुमच्या हातात राहतो. दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून त्याच दगडाचा छोटा तुकडा घासला की दुधासारखा गाळ तयार होतो. त्यावर वस्तरा फिरवला की थोड्याच वेळात तो गाळ राखाडी होतो. तो राखाडी रंग तुमच्या पोलादाचा. गाळात गार्नेट मोकळे फिरतात, म्हणून तो भराभर कापतो. पण हेच मोकळे खडे समोरून धारेच्या कडेवर आदळतात, म्हणून दाट गाळावर धार एका मर्यादेपलीकडे तीक्ष्ण होत नाही. मग दर काही फेऱ्यांनी बोटाने एक-दोन थेंब पाणी वाढवत जायचं, गाळ विरळ करत जायचं आणि शेवटी दगड धुऊन नुसत्या पाण्यावर यायचं. नुसत्या पाण्यावर गार्नेट दगडात रुतलेले राहतात, त्यांचं डोकं जेमतेम वर असतं, आणि कापणं जवळपास थांबून कड घोटली जाते. तुमच्यासारख्या धार राखण्याच्या कामाला बहुतेक वेळा नुसतं पाणी पुरेल. धार जास्तच गेली असेल तर अगदी विरळ गाळापासून सुरुवात करा. एकाच दगडात दोन टप्पे मिळतात ते असे.

तुकडा पारखायचा कसा? आधी सगळी बाजू ओली करून तिरप्या उजेडात पाहा. रंगाच्या छटा, निळे ढग, काळपट ठिपके यांची भीती नको. नखाला लागणारी रेघ असेल, भेग असेल, तर नको. ओल्या दगडावर अंगठ्याचं पेर हळू फिरवा. एखादी जागा खरखरीत लागली, तर तिथे भिंग लावा. मग जुना, बिनमहत्त्वाचा वस्तरा त्यावर फिरवा. कोटिक्यूल चांगला असेल तर गाळावर अर्ध्या मिनिटात पाणी काळवंडायला लागतं, आणि नुसत्या पाण्यावर शेवटी शेवटी पातं दगडाला हलकं चिकटतं, ओढल्यासारखं वाटतं. भिंगातून कडेवर सारखी, धूसर चमक दिसली पाहिजे. एकट्यादुकट्या खोल रेघा दिसल्या तर तो तुकडा बाजूला ठेवा. विकणारे ला व्हेनेट, ला ड्रेसांत अशी थरांची नावं सांगतात. ती खरी आहेत, पण थराच्या नावावरून तुमचा तुकडा कसा निघेल हे ठरत नाही. घरच्या वस्तऱ्याला १५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद तुकडा भरपूर झाला. रुंद, चौकोनी, देखण्या दगडाची किंमत बरीच चढते, धार तीच मिळते. ओबडधोबड कडांचे लहान तुकडे बेल्जियममधूनच वेगळ्या दराने विकले जातात, मी तेच सुचवतो.

आर्कन्साची तऱ्हा वेगळी. अमेरिकेतल्या वॉशिटॉ डोंगररांगांत नोव्हॅक्युलाइट नावाचा खडक आहे, जवळजवळ शुद्ध सिलिका, क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म स्फटिक घट्ट गुंतलेले. मऊ, कठीण, काळा आणि अर्धपारदर्शक असे त्याचे प्रकार करतात, पण मुळात फरक घट्टपणाचा आहे. वस्तऱ्याला काळा किंवा अर्धपारदर्शकच हवा. मोबाईलचा टॉर्च कडेला धरला की अर्धपारदर्शक दगडात उजेड आत शिरतो. खात्री हवी असेल तर सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि मापाच्या भांड्यात बुडवून किती पाणी चढलं ते पाहा. दर घनसेंटिमीटरला अडीच ग्रॅमच्या आसपास किंवा वर आला तर दगड घट्ट आहे, २.२-२.३ आला तर तो मऊ जातीचा आहे आणि वस्तऱ्याच्या शेवटच्या हाताला नको.

आर्कन्साचा गाळ होत नाही, त्याचा पृष्ठभागच काम करतो. म्हणून पृष्ठभाग कसा तयार केला यावर सगळं अवलंबून. ताजा घासलेला असेल तर तो कापतो, वापरून चकाकी आली की नुसता घोटतो. शिवणयंत्राचं पातळ तेल किंवा साबणाचं पाणी, यांतलं एक ठरवा आणि तेच कायम ठेवा. खोबरेल नको, थंडीत सातारा-वाईकडे ते बाटलीतच गोठतं आणि दगडावर चिकट थर धरतं. हा दगड अतिशय सावकाश चालतो, ५० ते १०० हलके फेरे लागतात, आणि इथेच नवखा माणूस कंटाळून दाब देतो. दाब दिला की दोन्ही बाजूंनी आत कोरलेलं पातळ पातं वाकतं, कड दगडावरून उचलली जाते आणि कडेवर पातळ फॉइलसारखी पोलादाची साल तयार होते. ती पहिल्या दाढीला भन्नाट लागते आणि दुसऱ्या दाढीला तुटते. हलका हात असलेल्या माणसाने मात्र आर्कन्सा जरूर घ्यावा. तो झिजत नाही, फुटला नाही तर नातवंडांनाही पुरेल, आणि त्याच्यावर लावलेली धार टिकतेही चांगली.

जपानी दगड क्योटोच्या परिसरातले. नाकायामा, ओझुकू, ओहिरा ही खाणींची नावं जाणकारांच्या तोंडी असतात. नाकायामाची खाण केव्हाच बंद झाली आहे. उत्तम जपानी दगडावर जी धार येते तिची सर दुसऱ्या कशाला नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. त्याचा गाळ घासता घासता आणखी बारीक होत जातो आणि धार आपोआप वरच्या पायरीला जाते. पण वस्तऱ्याला त्यातला सर्वांत कठीण दर्जाच लागतो, सुतारी रंध्याच्या पात्याला चालणारा मऊ दगड इथे चालत नाही. कठीण दगडात मधेच टणक रेघ लपलेली असू शकते, शिक्के नकली असतात, गाळ काढायचा छोटा दगडही जुळणारा हवा. बाजू लाखेने किंवा व्हार्निशने बंद केल्या नाहीत तर पाणी मुरून थर सुटतात. यातलं काहीही दुरून, फोटोवरून कळत नाही. पहिला दगड म्हणून मी तो कुणालाच सांगत नाही. दोन-तीन वर्षं एक साधा दगड हाताखालून गेला की मग जपानी दगड काय बोलतो ते ऐकू येतं.

थुरिंजियन जर्मनीतल्या थुरिंजिया भागातला, मऊसर स्लेट, निळसर ते पिवळट हिरवा. एशर या नावाने विकला जाणारा त्यातला सर्वांत नावाजलेला. खाणी बंद झाल्या, त्यामुळे आता जो काही मिळतो तो जुना, आणि लेबल शाबूत असेल तर किंमत संग्राहकांची. दगड फार चांगला आहे, हातात मऊ चालतो, धार तीक्ष्ण आणि गालाला सौम्य देतो. चिनी दगड स्वस्त, कठीण, संथ. पैसे खरंच कमी असतील तर तो वाईट नाही, आर्कन्सासारखाच संयम मागतो.

आणि विकत घेण्याआधी आपल्याच भागात एक चौकशी करा. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या जुन्या सलूनमधून उघडे वस्तरे गेले ते रोगाच्या भीतीने. एचआयव्ही आणि कावीळ ब रक्तातून पसरतात, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हेच योग्य आहे, आणि म्हणूनच तुमचा वस्तराही फक्त तुमचाच राहू द्या. पण त्या दुकानांच्या लाकडी पेट्यांत पथरी, म्हणजे धार लावायचा दगड, अजून पडून असते. त्यातली बहुतेक लाल-तपकिरी किंवा काळी, अगदी एकसारख्या पोताची, काटकोनात कापलेली निघेल. ती कृत्रिम, न्हाव्यांसाठी कारखान्यात बनलेली. तीही टाकाऊ नाही, सपाट केली तर धार राखण्याचं काम करते. कुठे पिवळा आणि काळा असे दोन थर दिसले तर मात्र थांबा आणि नीट पाहा, तो कोटिक्यूल असण्याची शक्यता आहे. दुसरी जागा मिरज. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचं. एकदा वापरून टाकायची पाती येण्याआधी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत मायक्रोटोमचे सुरे हाताने दगडावर परजले जायचे. पेशींचे काही मायक्रॉन जाडीचे काप घ्यायला लागणारी ती धार वस्तऱ्याच्याच तोडीची, आणि त्यासाठी पिवळा बेल्जियन व आर्कन्सा हे ठरलेले दगड. जुन्या प्रयोगशाळेच्या अडगळीत असा दगड विचारायला काय जातं?

जुना दगड मिळाला की त्याला आधी कोमट साबणाच्या पाण्यात घासून तेल काढा. खाली स्लेट चिकटवलेली असेल तर पाण्यात भिजत ठेवू नका. जुना सरस सुटतो. २०१९ च्या महापुरात जी घरं दिवसेंदिवस पाण्यात होती तिथला दगड असेल तर जोड अंगठ्याने दाबून तपासा. सुटत असेल तर पूर्ण वाळवून इपॉक्सीने चिकटवा, मग पुढचं.

सपाट करणं दोन्ही, नव्या आणि जुन्या दगडांना लागतं. जाड काचेवर हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर ओला करून पसरा, २२० चा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत घासा, मग ४००, मग ६००. कोटिक्यूलला हे पंधरा-वीस मिनिटांचं काम. आर्कन्साला तासन् तास लागतात, आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड वापरली तर बरं. शेवटी दगडाच्या चारही कडा थोड्या गोल करा, नाहीतर वस्तऱ्याचं टोक तिथे अडकून खांड पडते. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: कोरडं घासू नका. या दगडांत सिलिका असते आणि तिची कोरडी धूळ फुप्फुसात बसते. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना याच धुळीने सिलिकोसिस झाला, आणि त्या आजारावर औषध नाही. पाणी सतत हवं, आणि घासून झाल्यावर तो गाळ ओला असतानाच पुसून टाका.

प्रत्यक्ष फेरा असा. दगड ओल्या फडक्यावर ठेवा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या हव्यात. पाठीच्या जाडीनेच कोन ठरतो, तो साधारण १५ ते १७ अंश येतो, तुम्हाला काही मोजायचं नाही. धार पुढे ठेवून ढकला, टाचेकडून, म्हणजे दांड्याजवळच्या टोकाकडून, सुरू करून दुसऱ्या टोकाकडे तिरका नेत संपवा. उलटवताना पाठीवर लोळवा. हाताचा भार देऊ नका, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. आता पाण्याकडे लक्ष द्या. कड दगडाला नीट टेकलेली असेल तर तिच्या पुढे पाण्याची बारीक लाट चालते आणि ती पात्यावर चढते. जिथे पाणी न चढता कडेखालून निसटतं, तिथे कड टेकलेली नाही. दगड सपाट नसेल किंवा पातं किंचित वाकडं असेल. भिंग लावण्याआधी हे पाणीच तुम्हाला सांगतं. ३०-४० फेरे झाले की धुवा, पुसा, पट्ट्यावर ५० फेरे मारा आणि मनगटावरच्या केसांवर, कातडीपासून अर्धा सेंटिमीटर वर धरून फिरवा. केस न वाकता टुपकन तुटले की झालं. न तुटल्यास आणखी २०, त्याहून जास्त लगेच नको.

आपल्याकडच्या धुळीची काळजी घ्या. उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ घरभर असते, आणि तिच्यातला वाळूचा एक कण ओल्या दगडावर पडला तर धारेला दातरा पाडायला पुरतो. काम सुरू करण्याआधी दगड नळाखाली धुवा, काम झाल्यावर धुऊन सावलीत वाळवा आणि सुती पिशवीत ठेवा. पावसाळ्यात पात्याला तेलाचा पातळ हात द्या आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. दांड्याच्या आत खिळीजवळ पाणी साचतं, तिथला गंज पात्याला आतून खातो.

आजोबांच्या वस्तऱ्याबद्दल एवढंच. दगड मागवण्याआधी त्याची पाठ पाहा. पाठीच्या दोन्ही बाजूंना दगडाने पाडलेली चकचकीत पट्टी दिसेल. ती टाचेपासून टोकापर्यंत साधारण सारख्या रुंदीची असेल, तर कोटिक्यूलवर तो तुमच्या हाताने नीट राहील. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला दोऱ्यासारखी असेल, किंवा मधेच तुटली असेल, तर पातं वाकलेलं आहे आणि रुंद दगडावर सरळ फेऱ्याने ते कधीच पूर्ण टेकणार नाही. मग रुंदीला अडीच-तीन सेंटिमीटरचा अरुंद तुकडाच घ्या, म्हणजे थोडा थोडा भाग टेकवत पातं वळवता येतं.